२२ फुटी फायबर होडीवर लाइव्ह सोनार लावावा का, आणि लावायचा तर कसा? सल्ला हवा

खडपावरची_गरी

नमस्कार मंडळी.

होडी २२ फुटी, एकेरी फायबरची. मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड, दोरी ओढून सुरू होणारं. बंदर देवगडच्या आसपासचं. मी आणि चुलतभाऊ असे दोघंच जातो. जाळी नाही, फक्त गरी. ८ ते २० वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यातल्या खडपांवर, म्हणजे बुडालेल्या खडकांवर, तांबोशी, गोबरा, कोकर मारतो. पावसाळा सरला की काही आठवडे सुरमईसाठी ट्रोलिंग करतो, म्हणजे चालत्या होडीमागे गरी ओढतो.

आमची खडपं आजोबांच्या वेळेपासूनची आहेत. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरातली खिंड एका रेषेत आली की थांबायचं, अशा खुणा. आता मोबाइलच्या जीपीएसवर त्या जागा टिपून ठेवल्या आहेत, त्यामुळे खडप सापडायला वेळ लागत नाही. अडचण पुढे येते. खडप मोठं असतं आणि मासा त्याच्या कुठल्या अंगाला उभा आहे ते कळत नाही. नांगर टाकून तास काढायचा, काही लागलं नाही की नांगर उचलून दुसऱ्या अंगाला जायचं. तोवर पाणी फिरतं आणि सगळं पुन्हा बदलतं. इंधन आणि सकाळची चांगली वेळ दोन्ही यातच जातात.

दुबईला असलेला आतेभाऊ सुट्टीला येताना लाइव्ह सोनार (पाण्याखालचा मासा चालू चित्रात दाखवणारं यंत्र) आणतो म्हणाला आहे. व्हिडिओ पाहिलेत, पण ते बहुतेक सगळे अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांतले आणि ट्रोलिंग मोटर (बोट सावकाश हलवणारी, जागेवर धरणारी छोटी विजेची मोटर) लावलेल्या बोटींचे. आपल्या खाऱ्या पाण्यात, लाटेवर, ट्रोलिंग मोटर नसलेल्या होडीवर ते कितपत चालतं, कुठे बसवायचं, बॅटरी किती लागते आणि सुरमई दिसते का, हे कोणी नीट सांगितलं तर फार उपकार होतील. पैसा घरातला आहे आणि मोठा आहे. म्हणून आधी विचारतो आहे.

मिरकरवाडा_वायरिंग

दादा, होडीचं वर्णन व्यवस्थित दिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. मी रत्नागिरीत बोटींवर फिशफाइंडर, जीपीएस, व्हीएचएफ (बिनतारी संच) बसवण्याचं काम करतो.

साधा फिशफाइंडर आणि लाइव्ह सोनार यांतला फरक आधी पक्का करू. साधा फिशफाइंडर खाली आवाज सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी पडद्यावर उजवीकडून डावीकडे सरकत जातो. पडद्यावर दिसतं ते होडीखालून गेलेलं पाणी, म्हणजे झालेली गोष्ट. २०० किलोहर्ट्झची झोत-रुंदी साधारण २० अंश धरली, तर २० मीटर खोलीवर तळाशी सुमारे ७ मीटर व्यासाचा गोल दिसतो. त्या गोलात मासा डावीकडे आहे की उजवीकडे, हे त्यावरून कळत नाही.

लाइव्ह सोनारमध्ये ट्रान्सड्यूसरच्या (पाण्यात आवाज सोडणाऱ्या आणि प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाच्या) आत बरेच छोटे घटक असतात आणि त्यांचे संकेत मिळवून एकाच वेळी पूर्ण पंखा रंगवला जातो. गार्मिनच्या लाइव्हस्कोपचा पंखा १३५ अंश उंच आणि २० अंश रुंद. तो पुढे रोखला की होडीच्या खालपासून समोरच्या पाण्यापर्यंतचा उभा काप चालू चित्र म्हणून दिसतो. मासा सरकला की पडद्यावर सरकतो. तुमच्या गरीचं शिसं खाली जाताना दिसतं, तळाला टेकताना दिसतं, आणि मासा आमिषाकडे वळला की तेही दिसतं. खडपाच्या कुठल्या अंगाला मासा आहे, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे यंत्र खरोखर देतं. लोरन्सचं अ‍ॅक्टिव्हटार्गेट आणि हमिनबर्डचं मेगा लाइव्ह याच जातीची.

एक गोष्ट मात्र आतेभावाला आजच कळवा. एका कंपनीचा लाइव्ह ट्रान्सड्यूसर दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर चालत नाही. त्याच कंपनीच्याही सगळ्या पडद्यांवर चालत नाही, ठरावीक मॉडेलच लागतात. ट्रान्सड्यूसर, त्याच्या संकेतांचं चित्र बनवणारा काळा डबा आणि पडदा ही तिन्ही एकमेकांशी जुळतात हे कंपनीच्या यादीत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

बसवण्याबद्दल रात्री सविस्तर लिहितो. तोवर तीन गोष्टी सांगा: मागची फळी किती उंच आहे, काठाची जाडी किती, आणि गरी कुठल्या बाजूने सोडता?

मालवणी_तांडेल

पयलां एक सांगतंय. सुरमयेसाठी ह्यां घेव नको. सुरमय धावता, तिच्या मागे तूय धावतंस, नि ह्यां यंत्र होडी उभी असताना काम करता. चालत्या होडयेर पाण्यात फेस होता, फेसात कायएक दिसणा नाय.

खडपार मात्र उपेगी पडात. आमच्या होडयेर साधो फिशफाइंडर असा. तेच्यार खडप दिसता, पाणी किती वाव ता कळता, खडपार मासो उभो रवलेलो पण दिसता. पण तो पुढे असा काय मागे, ता कळणा नाय.

आणि एक. सुकतीक, म्हणजे ओहोटीक, खाडीतसून गढूळ पाणी भायर येता. तेव्हा पडद्यार सगळा धुकट दिसतला, नि तू म्हणशीत यंत्र बिघडला. यंत्र नाय बिघडला, पाणी तसा असा. भरतीचा पाणी येवंदे, मगे बघ.

शिरगाव_मत्स्य

तांडेल काकांनी सुकतीचं सांगितलं ते शंभर टक्के खरं, आणि त्यामागचं कारणही लिहितो. मी मत्स्यशास्त्र शिकतो.

लाइव्ह सोनार उंच वारंवारतेवर चालतो. लाइव्हस्कोपच्या नेहमीच्या ट्रान्सड्यूसरची पट्टी साधारण ५३० ते ११०० किलोहर्ट्झ आहे. वारंवारता वाढली की बारीक तपशील दिसतो, पण आवाज पाण्यात लवकर विरतो. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम सल्फेटसारखे क्षार असल्यामुळे आवाजाची ऊर्जा गोड्या पाण्यापेक्षा जास्त शोषली जाते. त्यात गाळाचे कण आणि हवेचे बुडबुडे आले की आवाज विखुरतो आणि पडदाभर ठिपके दिसतात. कंपनीचेच आकडे बघा: लाइव्हस्कोपच्या लांब पल्ल्याच्या एक्सआर प्रकाराला गोड्या पाण्यात ५०० फूट आणि खाऱ्या पाण्यात ३५० फूट पल्ला दिला आहे. नेहमीच्या प्रकाराला २०० फूट, म्हणजे सुमारे ३३ वाव. दादांचं पाणी २० वावांपर्यंतचं, म्हणजे ३७ मीटरच्या आत. नेहमीचा प्रकार पुरेसा आहे. एक्सआरवर जादा पैसे घालवायची गरज नाही. व्हिडिओतल्या तळ्यात दिसतं तेवढं लख्ख चित्र मात्र आपल्याकडे अपेक्षू नका.

आता सुरमई. माशाच्या पोटात हवेची पिशवी असेल तर तिच्यावरून आवाज जोरात परत येतो, कारण पाणी आणि हवा यांच्या घनतेत फार मोठा फरक आहे. तांबोशी, गोबरा, घोळ यांना ही पिशवी असते. घोळीच्या बोताला तर बाजारात सोन्यासारखा भाव मिळतो, तो हाच अवयव. सुरमईला ही पिशवी नसते. तिच्या अंगावरून येणारा प्रतिध्वनी त्यामुळे क्षीण असतो. जवळ असेल तर लाइव्ह सोनारवर दिसेल, पण तांबोशीसारखी ठसठशीत नाही. तारली आणि पेडव्यांना पिशवी असते, त्यांचा गोळा साध्या फिशफाइंडरवरही ढगासारखा उठून दिसतो. सुरमईसाठी तो चाऱ्याचा गोळा शोधावा आणि त्याच्या कडेने ट्रोलिंग करावं. त्यासाठी साधं यंत्र पुरतं.

रेवदंडा_स्पिनिंग

मी हौसेने मासेमारी करणारा. मित्राच्या फायबर होडीवर खांबावरचा लाइव्ह सोनार वापरतो, म्हणजे काठाला लावलेल्या उभ्या पाइपच्या खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर. ट्रोलिंग मोटर नाही. तुमच्यासारखीच परिस्थिती, म्हणून वापरातलं सांगतो.

सगळा खेळ तो खांब हातानं फिरवण्यात आहे. वर आडवी मूठ असते आणि ती ट्रान्सड्यूसरच्या तोंडाच्या दिशेत बसवलेली असते. मूठ जिकडे, तिकडे सोनार बघतो. होडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, मूठ हळूहळू फिरवत पूर्ण फेरी पाहायची. हळूहळू म्हणजे खरंच हळू. झोत फक्त २० अंश रुंद आहे, भरभर फिरवलं की मासा पडद्यावर येऊन निघूनही जातो. खडपाची कड सापडली की तिथे मूठ धरून ठेवायची आणि त्या रेषेत गरी सोडायची. शिसं पडद्यावर आलं नाही तर ते झोताच्या बाहेर पडलंय, मूठ थोडी इकडेतिकडे करून ते शोधायचं. हे जमायला वेळ लागतो, पण एकदा जमलं की हात आपोआप जातो.

दोन माणसं असली तर एकाने मूठ सांभाळावी आणि दुसऱ्याने गरी. एकट्याने दोन्ही करणं अवघड आहे. तुम्ही दोघं जाता ते बरंच आहे.

पडद्यावर पल्ला कमी ठेवा. समोर २० ते २५ मीटर पुष्कळ झालं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, पल्ला वाढवला की प्रत्येक चित्रासाठी यंत्राला जास्त थांबावं लागतं आणि हालचाल तुटक दिसते. संवेदनशीलता आधी स्वयंचलित ठेवून बघा, पडदा ठिपक्यांनी भरला तर एकेक पायरी खाली आणा.

आणि ध्रुवीकृत (पोलराइज्ड) काचांचा गॉगल असेल तर दुकानातच पडदा त्यातून बघून घ्या. काही पडदे एका कोनात पूर्ण काळे दिसतात.

खडपावरची_गरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सुरमईचं सांगितलं त्यामुळे डोक्यातला मोठा गोंधळ मिटला. आमची खरी कमाई खडपावरचीच आहे, सुरमई हंगामापुरती.

मिरकरवाडा दादा, माहिती अशी: मागची फळी वीस इंची, इंजिन मधोमध. काठाची जाडी दीड इंच असेल, आत पोकळी नाही. मधल्या पाटाजवळ काठ थोडा हलतो. गरी आम्ही उजव्या अंगाने सोडतो, कारण नांगराची दोरी डावीकडे असते.

मिरकरवाडा_वायरिंग

उत्तम. आता बसवण्याबद्दल.

लाइव्ह सोनारचा ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर कायमचा लावू नका. इंजिनचा पंखा आणि होडीचा तळ समोरचं दृश्य अडवतो आणि प्रत्येक वेळी होडीच फिरवावी लागते. फायबरच्या तळातून आतून बघणं, जे साध्या फिशफाइंडरला एकेरी फायबरमध्ये चालतं, ते लाइव्ह सोनारला चालत नाही. ट्रान्सड्यूसर पाण्यातच हवा. म्हणून खांब.

जागा डावा काठ, मधल्या पाटाच्या जरा पुढे. गरी उजवीकडून जाते, तेव्हा दोरा खांबाला गुंडाळण्याची भीती राहत नाही. नांगराची दोरी मात्र नाळेवरूनच (होडीच्या पुढच्या टोकावरूनच) सोडा, डाव्या काठावरून सोडलीत तर वारा फिरल्यावर ती खांबाला घासेल.

पाइप स्टेनलेस स्टीलचा, ३१६ ग्रेडचा. फॅब्रिकेशनवाले ३०४ देतात, तो खाऱ्या पाण्यात तांबूस डाग धरतो आणि जोडाजवळ खड्डे पडायला लागतात. दीड इंच व्यास पुरे. खाली ट्रान्सड्यूसर होडीच्या तळापेक्षा किमान एक वीत खाली यायला हवा, नाहीतर एका अंगाला तळच दिसेल. वर मुठीपर्यंत उभं राहून हात सहज पोचेल एवढी उंची ठेवा.

खांब दोन बाहींतून (तो आत फिरेल अशा आखूड नळ्यांतून) जाऊ द्या, एक काठावर आणि एक त्याखाली फूटभर, होडीच्या अंगाला. एकाच बाहीवर लटकवलेला खांब लाटेबरोबर हलतो आणि पडद्यावरचं चित्र डुलतं. ट्रान्सड्यूसरमध्ये कल मोजणारा संवेदक असतो, तो होडीचं डोलणं बरंच सावरून घेतो, पण सैल खांबाची खडखड तो सावरू शकत नाही. बाहीत नायलॉनचं अस्तर घाला म्हणजे खांब आवाज न करता फिरेल. धातूवर धातू घासण्याचा आवाज पाण्यातून दूर जातो.

खांब वर उचलून आडवा बांधता आला पाहिजे. इंजिन चालू करून निघताना तो पाण्यात ठेवायचा नाही. खालची बाही मोकळी होईल अशी एक कच्ची खीळ ठेवा, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची. खडपाला किंवा कोणाच्या सोडलेल्या जाळ्याला आपटलं तर खीळ तुटावी, ट्रान्सड्यूसर वाचावा.

केबल कापायची नाही, कितीही लांब वाटली तरी. जास्तीची मोठ्या वेटोळ्यात बांधून ठेवा. खांबाला दोन्हीकडे अडसर द्या, म्हणजे तो एकाच दिशेने गोल गोल फिरून केबल पिळणार नाही. ती केबल बॅटरीच्या वायरपासून आणि व्हीएचएफच्या अँटेनाच्या वायरपासून वेगळी न्या.

काठ हलतो म्हणालात. ते आधी दुरुस्त करा. हलत्या काठावर खांब लावलात तर फायबरला तडा जाईल.

हर्णै_बंदर

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. तुमच्याकडे आज साधा फिशफाइंडरसुद्धा नाही. एकदम लाइव्ह सोनारवर उडी घेण्याआधी एक हंगाम साध्यावर काढा.

साधा सात इंची चर्प (एका ऐवजी अनेक वारंवारतांचा आवाज सोडणारा) फिशफाइंडर जीपीएससह घेतलात की खडपाची खोली, कड, तळ कठीण की चिखलाचा, चाऱ्याचा गोळा, हे सगळं चालत्या होडीवर कळतं. वाटेत नवीन खडप लागलं तर जागा टिपता येते. लाइव्ह सोनारवर हे होत नाही, तो थांबलेल्या होडीचा डोळा आहे. खडप शोधायचं काम साध्याचं, खडपावर मासा शोधायचं काम लाइव्हचं. पहिलं काम नीट झालं नाही तर दुसऱ्याला काही दिसायचंच नाही.

तळ कसा ओळखायचा तेही लिहितो, कारण नवीन माणूस इथेच गोंधळतो. कठीण तळाची रेघ जाड, लखलखीत, आणि बऱ्याचदा दुप्पट खोलीवर तिची दुसरी फिकी रेघ दिसते, कारण आवाज तळावरून पृष्ठभागावर येऊन पुन्हा तळाला जाऊन परत येतो. चिखल असेल तर रेघ पसरट, मऊ, आणि दुसरी रेघ सहसा नाहीच. हे वाचता आलं की गोबरा कुठे असेल याचा अंदाज निम्मा लागतो.

मागच्या फळीवरचा ट्रान्सड्यूसर पंख्यापासून किमान फूट-सव्वा फूट बाजूला, पुढे जाताना पंख्याची पाती ज्या बाजूला खाली जातात त्या बाजूला लावा. मागून पाहता पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल तर उजवी बाजू. तिथे फेस कमी असतो.

मिरकरवाडा_वायरिंग

हर्णैवाल्यांचं म्हणणं मला पटतं. त्यांच्या मुद्द्यातून एक मधला रस्ता निघतो: पडदा असा घ्या की त्यावर आज साधा चर्प चालेल आणि उद्या त्याच पडद्याला लाइव्ह सोनारचा डबा जोडता येईल. पडद्यावरचे पैसे दोनदा जाणार नाहीत. नऊ इंची घ्या, कारण लाइव्ह चित्र आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवले तर सात इंच अपुरे पडतात.

आता बॅटरी. तुमच्या दोरीवाल्या इंजिनला चार्जिंगची कॉइल बहुधा नाही, म्हणजे जेवढी वीज बंदरातून घेऊन निघाल तेवढीच.

काळा डबा साधारण २० वॉट घेतो आणि कामात असताना त्याहून जास्तही ओढतो. नऊ इंची पडदा उन्हात पूर्ण उजेडावर १५ ते २५ वॉट. दोन्ही मिळून ५० वॉट धरा. १२ व्होल्टवर हे सुमारे ४.२ अँपियर. आठ तास चालवलंत तर ३३ ते ३४ अँपियर-तास. शिसाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त ओढली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे तिथे ७० ते १०० अँपियर-तासाची लागेल आणि तिचं वजन तीस किलोच्या घरात. लिथियम आयर्न फॉस्फेटची ५० अँपियर-तासाची त्याच कामाला पुरते, वजन पाच-सात किलो, आणि व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सरळ राहतं. २२ फुटी होडीवर दोन माणसं, बर्फाची पेटी आणि मासळी असताना ते वीस-पंचवीस किलो वाचणं मोलाचं आहे.

घरातल्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी होडीवर आणू नका. लाटेवर आम्ल सांडतं.

बॅटरी दुबईहून मागवू नका. १२ व्होल्ट ५० अँपियर-तास म्हणजे ६०० वॉट-तास, आणि प्रवासी विमानात सुट्या लिथियम बॅटरीची नेहमीची मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. ती इथेच घ्या.

वायर कल्हई केलेल्या तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची. बॅटरी पाटाखाली आणि पडदा चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर वायर होते. दीड चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरीत तेवढ्यात सुमारे ०.४ व्होल्ट पडतो, ४ चौरस मिलिमीटरमध्ये ०.१५. सकाळी फरक कळत नाही, दुपारी बॅटरी उतरल्यावर पडदा मध्येच बंद पडायला लागतो तो यामुळे. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच, वीतभर अंतरात. किती अँपियरचा, ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहून, मनाने नाही.

शिरगाव_मत्स्य

सगळे तांत्रिक बोलत आहेत, मला एक गोष्ट मनापासून मांडायची आहे.

खडपावरचा गोबरा हा सावकाश वाढणारा मासा आहे. बहुतेक जातींत तो आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे एका खडपावरचे सगळ्यांत मोठे मासे काढले की नरच संपतात. लाइव्ह सोनारवर मोठा मासा वेगळा ओळखू येतो आणि मोह त्याच्याकडेच जातो. जाळं न टाकता, नुसत्या गरीनेही एक लहान खडप रिकामं करता येईल इतकं हे यंत्र ताकदवान आहे.

शिवाय पंधरा-वीस वावांतून वर आणलेल्या तांबोशीची हवेची पिशवी फुगते, कधी पोटातले अवयव तोंडाकडे ढकलले जातात. तो मासा लहान म्हणून सोडला तरी बऱ्याचदा आपला आपण खाली जाऊ शकत नाही, पृष्ठभागावरच मरतो. त्यामुळे लहान मासा उभा दिसतो आहे तिथे गरी न सोडणं, हा उपाय सगळ्यांत सोपा आहे. आणि तेवढ्यापुरता हा सोनार मदतही करतो.

अमेरिकेतल्या बास माशाच्या मोठ्या मासेमारी स्पर्धांनी २०२५ पासून लाइव्ह सोनारवर मर्यादा घातल्या आहेत, हेही सांगून ठेवतो. आपल्या राज्यात २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरला, त्यात पापलेटला १३५ मिलिमीटर आहे. तो कागद तुमच्या बंदराच्या मत्स्यव्यवसाय परवाना कार्यालयात पाहून घ्या.

खडपावरची_गरी

हे वाचून बरं वाटलं, आणि विचारही पडला. आमची खडपं चार पिढ्यांनी सांभाळली आहेत. एका खडपावर आज मारलं की काही दिवस तिथे जायचं नाही, हा घरातला नियम आहे. यंत्र आलं तरी तो मोडणार नाही. चुलतभावाशी बोललो, मोठा गोबरा दिसला तरी एका खडपावर एकच, असं ठरवलं आहे.

मालवणी_तांडेल

ह्यां बरां केलंस. खडप असा तर आपण असंव.

आणि मालवणच्या किल्ल्याभोवती जाव नको हां. थंय १९८७ पासून सागरी अभयारण्य असा.

रेवदंडा_स्पिनिंग

देखभालीचं राहिलं. परत आल्यावर ट्रान्सड्यूसर आणि खांब गोड्या पाण्याने धुवा, पडदा काढून घरी न्या. जोडण्यांच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून ठेवा. साधा ट्रान्सड्यूसर मागे कायम पाण्यात राहणार असेल तर त्यावर शेवाळ आणि कालवं धरतात. ती खरवडू नका, मऊ फडक्याने काढा. तळाला लावतो तो द्रावकवाला रंग ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला लावायचा नाही, प्लॅस्टिक खराब होतं. पाण्यात मिसळणारा शेवाळरोधक रंग त्यासाठी वेगळा मिळतो.

शेजारच्या होडीवरही लाइव्ह सोनार असेल आणि दोघं एकाच खडपावर असाल तर पडद्यावर तिरप्या रेघा येतील. थोडं अंतर घ्या, जातात.

खडपावरची_गरी

ठरलं ते लिहितो. लाइव्ह सोनार जोडता येईल असा नऊ इंची पडदा आणि साधा चर्प ट्रान्सड्यूसर आतेभाऊ आत्ता आणेल. विमानतळावर जाहीर करून, शुल्क भरून पावती घ्यायला त्याला सांगितलं आहे, वॉरंटीसाठीही ती लागेल. हा हंगाम खडपं नीट वाचायला शिकायची. लाइव्हचा डबा आणि ट्रान्सड्यूसर पुढच्या वर्षी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होडी वर ओढलेली असते, तेव्हा खांब आणि वायरिंग निवांत होईल.

आता एकच राहिलं. काठ हलतो तो कसा मजबूत करायचा? स्टीलची पट्टी ठोकली तर चालेल?

मिरकरवाडा_वायरिंग

नुसती पट्टी नको, ती फायबरच्या कडेवर ताण देते. काठाच्या आतल्या अंगाला मरीन प्लायची फळी, दोन फूट लांब, काठापासून खाली दोन्ही बाही बसतील एवढी रुंद. जुनं फायबर पॉलिश पेपरने खरखरीत करा, अ‍ॅसिटोनने पुसा, फळी रेझिनमध्ये चिकटवून वरून मॅटचे दोन-तीन थर द्या. फळीच्या कडा तिरप्या तासा, काटकोनात सोडलेल्या कडेशी फायबर तडकतं. रेझिन दमट हवेत नीट पकडत नाही, म्हणून हे काम जुलैच्या पावसात काढू नका, मेच्या उन्हात उरकून घ्या. बोल्ट आरपार, मागे मोठा वॉशर, आणि भोकाच्या आत पॉलियुरेथेनचं मरीन सीलंट. घरातलं सिलिकॉन वर्षभरात सुटतं आणि प्लायमध्ये पाणी शिरतं.

फळी बसली की मोजमाप पाठवा, बाहींची भोकं किती अंतरावर घ्यायची ते सांगतो.